एका चुलीचा वारसा

आमची पिढी मोरव्याच्या एकत्र घरांत वाढली. भाईंदर स्टेशनात पश्चिमेला उतरून उत्तनचा रस्ता धरला की मुर्धा, राई, मोरवा ही आगरी गावं लागतात. एका अंगाला खाडी आणि मिठागरं, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, मधोमध कौलारू घरांची दाटी. घर म्हणजे आजी-आजोबा, काका-काकी, लग्न व्हायची राहिलेली आत्या आणि आम्ही पोरंटोरं. सख्खं कोण आणि चुलत कोण, हे शाळेत नाव घालताना तेवढं कळायचं. चूल एक, भाताचा टोप एक आणि रात्री माजघरात ओळीनं अंथरलेल्या गोधड्या. एकाला खोकला झाला की चौथ्या दिवशी सगळी ओळ खोकायची.

त्या घरांची आठवण निघाली की आपण माणसांची नावं घेतो, लावणीचे दिवस आठवतो, हळदीच्या रात्री धवलारणींनी म्हटलेले धवले आठवतो. मला इथे त्याच घरातल्या दुसऱ्या रहिवाशांची आठवण काढायची आहे. ते आमच्या पोटात राहत होते आणि आम्हाला त्यांची गंधवार्ता नव्हती. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली हिशेब मांडला: सत्तर किलो वजनाच्या माणसात त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी आणि जीवाणू सुमारे ३८ लाख कोटी. या जीवाणूंचं वजन सगळं मिळून दोनशे ग्रॅमच्या आसपास, आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात.

ही वस्ती आम्हाला घरानं दिली. आईनं, आजीनं, भावंडांनी, गोठ्यानं, शेतातल्या मातीनं आणि रोजच्या ताटानं दिली. आमच्या शरीराला आपलं कोण, परकं कोण आणि कुणाकडे दुर्लक्ष करायचं हे शिकवण्यात तिचा मोठा वाटा होता. आज दम्याचे पंप, त्वचेच्या ॲलर्जी, आतड्याची जुनाट दुखणी आमच्याच नातवंडांच्या पिढीत दिसू लागली, तेव्हा त्या वारशाचं मोल कळायला लागलं आहे.

ताटापासूनच सुरुवात करू. सकाळी शेतावर किंवा आगरावर जाणाऱ्यांसाठी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या जायच्या. सोबत सुका जवळा नाहीतर सुक्या बोंबलाचं कालवण. रात्री उरलेल्या भातात पाणी घालून तो झाकून ठेवायचा. सकाळी त्याला किंचित आंबूस वास यायचा, आणि मीठ-कांद्याबरोबर तो आम्ही पोरं वाट्या पुढे करकरून खायचो. घरच्या म्हशीचं ताक, उन्हाळ्यात नाचणीची आंबील, थंडीत वालाच्या शेंगा. पावसाळा लागला की टाकळा, कुर्डू, शेवळं, कंटोळी. खाडीतून चिंबोऱ्या, निवट्या, कोळंबी, आणि नशीब असेल तर जिताडा. तांदूळ घरचा, हातसडीचा, लालसर. डोंगरी-उत्तनच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून नाताळात ताडीनं आंबवलेल्या पिठाचे फुगे यायचे आणि घरात त्यांच्यावरून भांडणं व्हायची.

या जेवणात दोन गोष्टी भरपूर होत्या: आंबलेलं अन्न आणि न पचणारा चोथा. वालाची सालं, पालेभाज्यांचे देठ, हातसडीच्या तांदळाचा कोंडा, रात्रभर थंड झालेल्या भातातला काही पिष्टपदार्थ, हे आपल्या पाचकरसांना पुरतं पचवता येत नाही. ते मोठ्या आतड्यापर्यंत जातं आणि तिथले जीवाणू ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेट, प्रोपिओनेट, ॲसिटेट ही आम्लं तयार होतात. ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी जगतात; त्यांचं ते मुख्य इंधन. त्याचं दुसरं काम २०१३ साली उजेडात आलं. जपान आणि अमेरिकेतल्या तीन संशोधक गटांनी उंदरांवर दाखवलं की जीवाणूंनी बनवलेल्या या आम्लांमुळे आतड्यात नियामक टी पेशी वाढतात. या पेशी प्रतिकारशक्तीला आवर घालतात. शत्रू नसताना चाललेली लढाई त्या थांबवतात. आमच्या आज्या वालाची उसळ ‘पोटाला बरी’ म्हणून वाढायच्या. त्या उसळीतला चोथा जीवाणूंमार्फत प्रतिकारशक्तीशी बोलत होता.

आतड्याची भिंत कशी आहे हे मोरव्याच्या माणसाला खारबांधावरून लगेच कळेल. खाडीचं पाणी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध असतो. भरतीला खारं पाणी बाहेर राहिलं पाहिजे आणि पावसाचं जादा पाणी उघाडीतून खाडीत गेलं पाहिजे. बांध सलामत तोवर शेत आणि खाडी शेजारी शेजारी नांदतात. बांधाला खांड पडली की पीक गेलं. आतड्यात तो बांध म्हणजे पेशींचा एकच थर आणि त्यावर बुळबुळीत श्लेष्म्याचं लिंपण. एका बाजूला लाखो कोटी जीवाणू, दुसऱ्या बाजूला रक्त आणि प्रतिकार पेशींचा मोठा साठा. अस्तरातल्या पेशी दर चार-पाच दिवसांनी नव्या होतात. त्यांच्या मागे बसलेल्या पेशी आयजीए नावाची प्रतिपिंडं रोज काही ग्रॅम एवढी बनवून आतड्यात सोडतात. ती जीवाणूंना चिकटतात आणि त्यांना भिंतीपासून लांब ठेवतात. लहान आतड्यात पेयर ग्रंथींचे पुंजके आहेत. १६७७ साली योहान पेयर या स्विस वैद्यानं त्यांचं वर्णन केलं. त्यांवरच्या खास पेशी आतड्यातल्या मजकुराचे नमुने उचलून आत नेतात, आणि तिथे प्रतिकार पेशींची शिकवणी चालते.

शिकवणीला शिक्षक लागतो, आणि तो जीवाणू आहे, याचा पुरावा निर्जंतुक उंदरांनी दिला. जन्मापासून एकही जीवाणू भेटू न दिलेल्या उंदरांच्या पेयर ग्रंथी खुरटलेल्या राहतात, आयजीए अगदी कमी बनतं, टी पेशींचा समतोल बिघडतो. २००५ साली सारकिस मझ्मानियन आणि डेनिस कॅस्पर यांनी दाखवलं की बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस या एकाच जीवाणूच्या आवरणातली एक शर्करा अशा उंदरांची विस्कटलेली प्रतिकारव्यवस्था बऱ्याच अंशी मार्गावर आणते. २००९ साली कळलं की उंदराच्या आतड्याला चिकटून राहणारे तंतूसारखे जीवाणू टीएच-१७ नावाच्या आक्रमक पेशी वाढवतात. म्हणजे काही रहिवासी शांत राहायला शिकवतात, काही सज्ज राहायला. निरोगी शरीराला दोन्ही लागतात.

ही शिकवणी केव्हा सुरू होते? जन्मापासून. आमच्यातले बरेचजण घरीच, माजघराच्या कोपऱ्यात, सुईणीच्या हाती जन्मले. बाळ आईच्या जन्ममार्गातून येतं तेव्हा तिथले आणि तिच्या आतड्यातले जीवाणू त्याला लागतात. शस्त्रक्रियेनं जन्मलेल्या बाळांत सुरुवातीचे जीवाणू वेगळे, बहुतांशी त्वचेवरचे आणि रुग्णालयातले असतात, हे २०१० नंतरच्या अभ्यासांत वारंवार दिसलं. हा फरक मूल वाढतं तसा कमी होत जातो. सिझेरियन जिथे गरजेचं तिथे ते माय-लेकरांचा जीव वाचवतं आणि त्यावर शंका घेऊ नये. पण गरज नसताना तारीख ठरवून केलेलं सिझेरियन बाळाच्या पहिल्या शिदोरीत हात घालतं, हे घरातल्यांना माहीत असायला हवं.

त्यानंतर दूध. आईच्या दुधात अशा दीडशेहून अधिक शर्करा असतात ज्या बाळाला स्वतःला पचत नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियासारख्या जीवाणूंसाठी असतात. आई बाळाला पाजते तेव्हा त्याच्या पोटातल्या वस्तीलाही जेवू घालते. पहिल्या दिवसांतलं पिवळसर चिकाचं दूध आयजीएनं भरलेलं असतं. आणि इथे आपल्याच चालीरीतींबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. कित्येक घरांत हे चिकाचं दूध घाण समजून काढून टाकलं जायचं आणि बाळाला मध किंवा साखरपाणी चाटवलं जायचं. ती रीत चुकीची होती. नवजात बाळाला मध देणं धोक्याचं आहे आणि चिकाचं दूध टाकणं म्हणजे पहिलं संरक्षण टाकणं. जुनं म्हणून सगळं जपायचं, असं या आठवणींत मला म्हणायचं नाही.

पुढची शिकवणी घराची. रांगायला लागलो तेव्हा शेणानं सारवलेली जमीन होती. उचलून घेणारे हात सारखे बदलायचे. काकीनं स्वतःच्या पोराबरोबर पुतण्यालाही भरवलं, आजीनं भात कुस्करून त्याच हातानं सगळ्यांच्या तोंडात घातला. मोठी भावंडं बाहेरून जे काही आणायची ते सगळं धाकट्यांना मिळायचं.

या घरभर पसरलेल्या देवाणघेवाणीची नोंद विज्ञानानं लंडनमध्ये घेतली. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅकन यांनी, मार्च १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये एकाच आठवड्यात जन्मलेल्या सतरा हजारांहून अधिक मुलांची, ती तेवीस वर्षांची होईपर्यंतची माहिती तपासली. परागज्वर, म्हणजे मोसमी ॲलर्जीची सर्दी, कुटुंबातल्या मुलांच्या संख्येशी उलट्या नात्यानं बांधलेली निघाली. विशेषतः ज्याला मोठी भावंडं अधिक त्याला ॲलर्जी कमी. यातून स्वच्छतेचा सिद्धान्त जन्मला. पुढे २००३ साली ग्रॅहम रूक यांनी त्याला नेमकेपणा दिला. त्यांचं म्हणणं असं की गोवर, देवी, पटकी यांसारख्या रोगांनी माणसाला काही शिकवलं नाही, त्यांनी फक्त मारलं. शिकवलं ते लाखो वर्षं माणसासोबत राहिलेल्या निरुपद्रवी सोबत्यांनी: आतड्यातल्या, मातीतल्या, जनावरांजवळच्या जीवाणूंनी.

गोठ्याबद्दलचा पुरावा २०१६ साली अमेरिकेतून आला. अमिश आणि हटराइट हे दोन्ही शेतकरी समाज मूळचे मध्य युरोपातले, खाणंपिणं आणि वंश सारखे. अमिशांची शेती घराला लागून, घोडे-गाईंच्या संगतीत; हटराइटांची मोठी यंत्रांची, घरापासून दूर. दम्याचं प्रमाण अमिश मुलांत सुमारे ५ टक्के, हटराइट मुलांत २१ टक्के. अमिश घरांतली धूळ हुंगवली तेव्हा उंदरांनाही दम्यापासून संरक्षण मिळालं. इथे वाट नाकाची होती, आतड्याची नव्हती. पण धडा तोच: प्रतिकारशक्तीला लहानपणी सोबत लागते.

आपल्या घराचा पुरावा मात्र पुण्यात आहे, आणि तो वाचला तेव्हा मला फार आनंद झाला. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी दोन भारतीय कुटुंबं निवडली. प्रत्येकातली तीन माणसं, लागोपाठच्या तीन पिढ्यांची, एकाच छपराखाली राहणारी. घर एक, त्यामुळे पिढ्यांमधला फरक नीट पाहता येतो. त्यांना दिसलं की वयानुसार आतड्यातली वस्ती बदलते: फर्मिक्युट्स गटाचे जीवाणू वयाबरोबर कमी होतात आणि बॅक्टेरॉइडेटीस गटाचे वाढतात. युरोपातल्या माणसांत आधी नोंदलेला बदल याहून वेगळा होता. प्राणवायूशिवाय वाढवलेल्या २२ जीवाणूंपैकी ६ तर विज्ञानाला नव्या प्रजातींचे असावेत असे निघाले. सहा माणसांचा हा लहान अभ्यास. त्यावरून साऱ्या देशाचा निष्कर्ष काढता येत नाही. पण तीन पिढ्यांचं एकत्र घर हीच प्रयोगशाळा मानण्याची ही दृष्टी आपल्या मातीतली आहे. याच गटानं २०१६ साली दाखवलं की भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या जीवाणूंचं प्रमाण ठळकपणे जास्त आहे. प्रिव्होटेला हा धान्य-भाजीच्या चोथ्यावर पोसला जाणारा जीवाणू. आमच्या ताटाची सही आमच्या पोटात होती.

मग हे जीवाणू घरात खरोखर हातोहात जातात का? २०२३ साली इटलीतल्या त्रेंतो विद्यापीठाच्या पुढाकारानं नऊ हजारांहून अधिक नमुन्यांचा अभ्यास झाला. तान्ह्या बाळाच्या आणि आईच्या आतड्यात जे समान जीवाणू होते त्यांपैकी सुमारे निम्म्यांचे वाण अगदी तेच निघाले. एकाच घरात राहणाऱ्या माणसांत आतड्यातल्या जीवाणूंचे सुमारे १२ टक्के आणि तोंडातल्या जीवाणूंचे ३२ टक्के वाण सामाईक. गोधड्यांच्या त्या ओळीत खोकल्याबरोबर हेही वाटलं जात होतं.

आता त्या घरांची दुसरी बाजू. ती लपवली तर ही आठवण खोटी ठरेल. आमच्या आज्यांच्या पिढीत पाळण्यातलं मूल गेलं नाही असं घर क्वचित सापडायचं. पावसाळ्यात विहिरीत गढूळ पाणी उतरायचं आणि गावात हगवण फिरायची. कावीळ, विषमज्वर, जंत हे नेहमीचे. शौचाला बांधावर, खाजणाकडे जायचं. तेच पाणी, त्याच माश्या. घाणीतून सतत येणाऱ्या रोगजंतूंनी आतड्याची भिंत कायम सुजलेली राहते, तिच्यातून गळती होते, आणि मूल खातं तरी त्याच्या अंगी लागत नाही. मुलांची उंची खुंटण्याच्या कारणांत याची आज गणना होते. जीवाणूंच्या सोबतीचं कौतुक करताना दूषित पाण्याचं कौतुक कुणी करू नये.

आम्हाला आणि आमच्या लेकरांना वाचवलं ते साध्या उपायांनी. पहिला म्हणजे मीठ-साखर-पाण्याची जलसंजीवनी. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिचा मोठ्या प्रमाणावर वापर करून हजारो पटकीग्रस्तांचे प्राण वाचवले. साखरेबरोबर मीठ आणि त्यामागे पाणी आतड्याच्या पेशींत शिरतं; हगवण चालू असतानाही हा रस्ता उघडा असतो, म्हणून ती काम करते. मिठागरांच्या गावात मिठाचं हे रूप नव्यानं कळलं.

दुसरा उपाय म्हणजे पोलिओचे दोन थेंब. १९९५ पासूनचे पल्स पोलिओचे रविवार आठवत नाहीत असे आईबाप आमच्या पिढीत नाहीत. बोटाला शाई लावलेली पोरं हातात हात घालून शाळेच्या पडवीतून परत यायची. ती लस थेट आतड्यात काम करते. तिच्यातला दुबळा विषाणू आतड्यात वाढतो आणि तिथेच आयजीएचा पहारा बसवतो. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये हीच लस प्रत्येक मात्रेमागे कमी चालायची. तिथल्या मुलांच्या आतड्यांत इतर जंतूंची गर्दी हे त्याचं एक कारण होतं. म्हणून मात्रा पुन्हा पुन्हा द्याव्या लागल्या. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आतडं आणि प्रतिकारशक्ती यांच्या नात्याचा याहून मोठा धडा आपल्या देशानं गिरवलेला नाही.

मग गाव बदललं. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाख होती. २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली. एकत्र घरांच्या वाटण्या झाल्या, कौलांच्या जागी स्लॅब आले, बरीच पोरं भाईंदर-मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. नळाचं पाणी आलं, संडास आले, लसी आल्या; हे सगळं हवंच होतं. त्याबरोबर पांढराशुभ्र पॉलिशचा तांदूळ आला, मैद्याची पाकिटं आली, आणि ताप आला की मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आल्या. सर्दी विषाणूंची असते, तिच्यावर अँटिबायोटिक काही करत नाही. पण आतड्यातल्या वस्तीवर ती नांगर फिरवते. मूल दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत ती वस्ती घडत असते. त्या काळातलं वारंवार अँटिबायोटिक पुढच्या दमा आणि ॲलर्जीशी जोडलेलं आढळतं, असं अनेक देशांतले अभ्यास सांगतात.

पिढीचा प्रश्न इथे सर्वांत टोकदार होतो. २०१६ साली स्टॅनफर्डमध्ये माणसाचे आतड्यातले जीवाणू दिलेल्या उंदरांना चोथा नसलेलं खाणं चार पिढ्या दिलं. पहिल्या पिढीत कमी झालेले बरेचसे जीवाणू चोथा परत दिल्यावर परतले. चौथ्या पिढीपर्यंत मात्र पुष्कळ प्रजाती नाहीशा झाल्या होत्या आणि नुसत्या चोथ्यानं त्या आल्या नाहीत. हरवलेले जीवाणू बाहेरून द्यावे लागले. माणसांतही याचं प्रतिबिंब २०१८ साली दिसलं. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या ह्मोंग आणि कॅरेन कुटुंबांत प्रिव्होटेला ओसरला, बॅक्टेरॉइड्स वाढला आणि जीवाणूंची विविधता पुढच्या पिढीत आणखी घटली. आजीनं जे दिलं ते आईकडे राहिलं नाही तर नातीला कोण देणार?

वस्ती बिघडली की काय होतं याची काही उदाहरणं पक्की आहेत. क्रोन्स या आतड्याच्या जुनाट दाहाच्या आजारात फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा ब्युटिरेट बनवणारा, दाह शमवणारा जीवाणू घटलेला आढळतो. २००८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी हे दाखवलं. अँटिबायोटिकनंतर मोकळ्या पडलेल्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू माजतो आणि जीवघेणी हगवण लावतो. २०१३ साली नेदरलँड्समध्ये अशा रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेतले जीवाणू नळीनं दिले. पहिल्याच खेपेत १६ पैकी १३ जण बरे झाले. औषधावरच्या १३ पैकी ४ जण. हरवलेली वस्ती परत नांदवता येते, हे या चाचणीनं सिद्ध केलं.

आपल्याच देशातली चाचणी तर याहून मोलाची. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या गटानं ओडिशातल्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर ती केली. अर्ध्या बाळांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम हा जीवाणू आणि त्याचं खाद्य असलेली शर्करा दिली. रक्तात भिनणारा जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. २०१७ साली ‘नेचर’मध्ये ती प्रसिद्ध झाली. योग्य जीवाणू योग्य वेळी मिळाला तर तो लेकरांचा जीव वाचवतो. त्याचा अर्थ दुकानातली प्रत्येक प्रोबायोटिक कॅप्सूल गुणकारी आहे असा होत नाही. कुठला जीवाणू, कुणाला, कशासाठी, हे तपासल्याशिवाय बहुतेक दावे पोकळ ठरतात.

मोठ्यांसाठी दिलासा ताटातच आहे. २०२१ साली स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी माणसांना दहा आठवडे दोन प्रकारचं जेवण दिलं. दही-केफिर, आंबवलेल्या भाज्या असं खाणाऱ्यांच्या आतड्यात जीवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिनं घटली. आमच्या घरातलं ताक आणि आंबील याच जातीचं अन्न.

त्या घरांत परत जाता येणार नाही आणि जाऊही नये. पाळण्यातली लेकरं गमावणारं घर कुणाला परत नको. पण त्या घरानं जे दिलं त्यातलं पुष्कळ आपल्या हाती अजून शिल्लक आहे आणि ते पुढच्या पिढीला देणं आपल्यावर आहे. बाळाला चिकाचं दूध पाजा आणि सहा महिने फक्त आईचं दूध द्या. पाणी स्वच्छ ठेवा, शौचानंतर आणि जेवणाआधी हात साबणानं धुवा. पण पोरांना अंगणातल्या मातीत, झाडांत, जनावरांत खेळू द्या. आजी-आजोबांच्या मांडीवर, चुलत भावंडांच्या गर्दीत त्यांचे दिवस जाऊ द्या. घरातलं वाल, चवळी, नाचणी, पालेभाज्या, ताक मुलांच्या ताटात रोज असू द्या. आणि पाकिटावर लाल रेघ असलेली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, दुसऱ्याला देऊ नका. ही रेघ २०१६ पासून सरकारनं याच सावधगिरीसाठी लोकांसमोर आणली आहे. आमच्या आज्यांनी हा वारसा नकळत पुढे दिला. आपल्याला तो आता माहीत आहे, म्हणून आपण तो जाणून-बुजून द्यायला हवा.